बिनतिखटाचा म्हाळ

गणपती पोचवून थोडेच दिवस झालेले असतात. मांडवाच्या खांबांचे खड्डे रस्त्यात तसेच असतात, त्यांत आदल्या संध्याकाळच्या पावसाचं पाणी साचलेलं असतं, आणि त्या खड्ड्यांना वळसा घालत आमच्या मंगळवार पेठेतली माणसं टोप्या सावरत जेवायला निघालेली असतात. आज या घरी, उद्या त्या घरी. हा म्हाळाचा पंधरवडा. घरातलं जे माणूस गेलं त्याच्या आवडीचं रांधायचं, पहिलं पान गच्चीवर कावळ्याला ठेवायचं आणि मग भाऊबंद, शेजारीपाजारी बोलावून जेवू घालायचं, एवढाच त्यातला धर्म मला कळतो. सकाळी उन्हं वर आली की गल्लीत नुसतं चालत गेलं तरी नाकाला समजतं, आज कुणाकडं कोण जेवायला येणार आहे. कोपऱ्यावरून अळूवडीचा वास आला की त्यांच्या आजी. पलीकडं वडे तळायला लागले की थोरले मालक. एका घरात तर पानावर भज्यांच्या शेजारी विडीचं बंडल ठेवतात. कावळा ते चोचीनं बाजूला सारतो आणि भजी उचलतो.

आमच्या घरातून सर्वपित्री अवसेला बटाटे उकडल्याचा, लोणी वितळल्याचा आणि डुकराचं मांस परतल्याचा वास येतो. लोक आता काही विचारत नाहीत. पहिल्या वर्षी विचारलं होतं.

माझं आयुष्य उद्यमनगरात लेथ मशीनवर गेलं, पण पेठेत मला ओळखतात ते रश्श्यासाठी. तालमीचा कार्यक्रम असो नाहीतर कुणाच्या मळ्यातली पार्टी, भगुणं माझ्याकडं. आखाडात रविवारी स्वतःच्या घरी जेवायला सवड मिळायची नाही. मसाला भाजताना मी दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नसे. अपवाद फक्त अमूचा. अमृता, आमची एकुलती एक पोरगी. ती चुलीपाशी उकिडवी बसायची, जाळ मागंपुढं करायची आणि रस्सा चाखून सगळ्यांदेखत सांगायची, "पप्पा, मीठ कमी हाय. आनि एवढं त्याल कशाला वतलंय, गाडीला लावायचं हाय व्हय?" सगळी तालीम हसायची. मला तिचा राग यायचा नाही. तिच्या जिभेवर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता.

तीच जीभ पुढं बिनतिखटाच्या, पांढऱ्याफटक बटाट्यांवर खूश झाली. हे मला आजही नीट गिळता आलेलं नाही.

इंजिनियर होऊन ती नोकरीला फ्रान्सला गेली. आल्प्सच्या पायथ्याशी गाव. खिडकीतून बर्फाचे डोंगर दाखवायची. तिथंच तिला जुलियाँ भेटला. सुतारकाम करणारा, लाकडी घरं बांधणारा उंच पोरगा. "इंजिनियर पोरगी आनि सुतार?" असं म्हणून तिची आई, मालन, दोन दिवस धुमसली. मला मात्र तो फोनवर पहिल्या दिवसापासून आवडला. हातानं काम करणारा माणूस मला कळतो. दोघं एकत्र राहायला लागली. आम्ही भाऊबंदांत सांगून टाकलं की रजिस्टर लग्न झालं. कुणी कागद मागायला येणार नव्हतं.

शेवटची आली तेव्हा दोन वाट्या तांबडा रस्सा प्यायली होती. त्यानंतर आलीच नाही. आधी आजारपणाची साथ, विमानं बंद. मग नोकरीत सुट्टी नाही. मग पुढच्या वर्षी नक्की. दर उन्हाळ्यात मालन चटणी करायची. चटणी म्हणजे कोल्हापुरात नुसतं तोंडीलावणं नव्हे. आमटी, भाजी, रस्सा, सगळं त्या एका तिखटावर चालतं. मिरच्या गच्चीवर वाळायच्या, कांदा-लसूण-खोबरं भाजून व्हायचं, डंकावर कुटायला मालन स्वतः जाऊन बसायची, कारण डंकवाला दुसऱ्याची चटणी मिसळेल असा तिचा पक्का संशय. घरी आल्यावर पहिलं पाकीट अमूचं भरलं जायचं. दुहेरी प्लास्टिक, वरून चिकटपट्टी, त्यावर जाड पेननं वर्ष. मग ते पोचेपर्यंत मालनला चैन नाही.

आणि पोचलं की अमूचा फोन. "आई, या खेपंची चटणी नादखुळा झालीया. आज पिठलं केलं तुझी चटणी घालून. जुलियाँच्या डोळ्यांतनं पानी!" मालन फोन ठेवायची आणि तडक गल्लीत जायची. "आमची अमू तितं ऱ्हाऊनबी चटनीबिगर जेवत न्हाय बगा." पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा फोन. "आई, चटणी संपत आली गं." एवढ्या एका वाक्यावर ती बाई वर्षभर जगायची.

चेहरा दिसायचा मोबाईलवर. बारीक होत गेला होता, पण हल्ली सगळ्याच पोरी बारीक होतात. "डायट करालोय आई," म्हणायची. ताट कधी दाखवलं नाही. आम्हीही दाखव म्हटलं नाही.

मग एका हिवाळ्यात छोटं ऑपरेशन आहे म्हणाली. पोटाचं. काळजी करू नका म्हणाली. आम्ही व्हिसासाठी धावाधाव केली. तो हातात पडायच्या आत ती गेली. अंत्यविधी आम्ही मोबाईलवर बघितला. मध्येच चित्र थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा माणसं बाहेर पडत होती. त्या थांबलेल्या वेळात काय झालं हे मला कुणी सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

पहिल्या वर्षी म्हाळात धरत नाहीत. वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरचा भादवा आला. ज्या भादव्याबद्दल मी लिहितोय तो हाच. त्या वर्षी पाऊस लांबला होता. पंचगंगा पात्रात परतली होती, तरी घाटाच्या पायऱ्यांवर गाळ होता. शेतात ऊस डोक्याच्या वर गेलेला, सोयाबीन काढायला आलेलं आणि ऊन असं की सकाळी दहालाच पाठ भाजावी. दुपारी चारला काळं भरून यायचं, गडगडायचं, थोडं पडायचं आणि पुन्हा चिकट ऊन. हे दिवस मला एके काळी फार आवडायचे. नवरात्र पुढं असतं, पेठेत लेझमीचा सराव सुरू होतो. त्या वर्षीपासून मला भादवा नको वाटतो. पंचांगाचं पान उलटताना हात मागं येतो.

घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो तिथीचा. माझ्या थोरल्या वहिनी म्हणजे आमच्या भाऊबंदकीचं पंचांग. त्या म्हणाल्या, "लगीन झालंय म्हंतायसा, तर ती सवाशीन गेली. मग नवमी धरायची, आनि ती बी सासरच्यांनी. आपल्या घरात तिचं पान न्हाय." आम्ही ज्या लग्नाची थाप मारली होती तिनंच पोरीचं पान उचलून नेलं होतं. शेवटी मीच सांगितलं की लग्न झालेलं नव्हतं. नगरपालिकेत तारीख विचारून आली होती दोघं, तेवढ्यात ते ऑपरेशन निघालं. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मग अवसंला धरूया. ज्येला कुनी न्हाय त्येची बी अवस असती." त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं. पण ज्यांना कुणी नाही त्यांच्यात आमची अमू बसली, हे माझ्या छातीत रुतून राहिलं ते राहिलंच.

म्हाळाला जुलियाँ आला. मी फोनवर सहज सांगितलं होतं, या या दिवशी तिच्या आवडीचं करणार. त्यानं तिकीट काढलं. कोल्हापूर स्टेशनवर उतरला तो अमूनं शिकवलेलं सगळं मराठी घेऊनच. रिक्षावाल्याला म्हणाला, "काय भावा, बरं हाय न्हवं?" रिक्षावाला इतका खूश झाला की "पावणं, बसा की" म्हणत त्यानं सामान स्वतः उचललं. मी मात्र रिक्षात तोंड फिरवून बसलो. तो सूर हुबेहूब अमूचा होता.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, म्हाळाला काय करू? मनात माझं उत्तर तयार होतं. पांढरा रस्सा, सुकं मटण. लहानपणी आजारातून उठली की तिला हेच लागायचं. त्याचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं उद्यमनगरचं, तरी काम भागायचं. तो जराही विचार न करता म्हणाला, "तार्तिफ्लेत." त्यांच्या डोंगरातलं गवळ्या-गुराख्यांचं जेवण. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, कांदा, बेकन म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, साय आणि वर त्यांच्याकडचं एक मऊ चीज, सगळं भट्टीत भाजायचं. शेवटी शेवटी ती दुसरं काही मागतच नव्हती म्हणाला. दोन घास खायची, पण हेच खायची.

"आपल्या घरात डुक्कर शिजलं न्हाय कदी," मालन मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली. मी म्हटलं, नको तर नको. ती ओट्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली. "तिला आवडत हुतं म्हंतोय न्हवं त्यो? मग करा. पर मागल्या अंगनात करा."

चीज जुलियाँनं बरोबर आणलं होतं. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, दोन विमानं आणि एक रेल्वे ओलांडून. फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी मी त्याला गंगावेशीत दूध प्यायला नेलं. तिथं कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाचा पेला हातात देतात. त्यानं पेला एका दमात संपवला, ओठावरची फेसाची मिशी पुसली आणि त्या चीजची गोष्ट सांगितली. जुन्या काळी त्यांच्या डोंगरात जमिनीचा मालक दूध मोजायला यायचा, जितकं दूध तितका त्याचा वाटा. म्हणून गवळी त्याच्यासमोर पुरती धार काढायचेच नाहीत. थोडं आचळात राखून ठेवायचे. मालक गेला की पुन्हा बसायचे. ते मागून काढलेलं दूध सगळ्यात दाट, त्याचं हे चीज. मी हसलो. म्हटलं, आमच्याकडंही असले उस्ताद आहेत. तेव्हा ती गोष्ट मला नुसती गंमत वाटली.

आम्ही परत येईपर्यंत मदतीला आलेल्या वहिनींनी फ्रीज उघडला होता. "आगं बया, काय सडलंय ह्यात? म्हाळाच्या घरात असला वास!" कुणाला न विचारता त्यांनी ते पुडकं कागदात बांधून ठेवलं आणि सकाळी घंटागाडी आल्याबरोबर तिच्यात टाकलं. वर फ्रीज लिंबानं पुसून काढला. जुलियाँनं फ्रीज उघडला तेव्हा आत नुसता लिंबाचा वास. वहिनी कौतुकाच्या अपेक्षेनं उभ्या. मी त्याला कसंबसं सांगितलं. त्याला आधी कळेना, मग तो हसायला लागला. हसत हसत पायरीवर बसला, डोकं गुडघ्यात घातलं, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले ते हसण्यानं नव्हते. वहिनींना काहीच उमजेना. त्या त्याच्या शेजारी खाली बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रडू नगंस रं जुल्या. नासलं हुतं बाबा त्ये. दुसरं आनूया."

दुसरं कुठलं आणणार. राजारामपुरीतल्या थंड मालाच्या दुकानात बेकनचं पाकीट मिळालं. डेअरीतून चौकोनी चीज आणलं, आमची मुलं सँडविचला लावतात ते. साय घरचीच. दिवाळीत नानकटाई भाजायला आम्ही ट्रे घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जातो, त्यामुळं जुलियाँला भट्टी हवी म्हटल्यावर मला तीच आठवली. पण बेकरीवाले चाचा मुसलमान. त्यांना नाही म्हणायची वेळ तरी कशाला आणायची? मी मागच्या अंगणात चूल पेटवली. म्हटलं, खाली मंद जाळ आणि झाकणावर निखारे. आमची बिर्याणी जशी दमावर होते, तसं तुझं हे होईल.

अमावास्येची ती सकाळ मला तिच्या आवाजांसकट आठवते. शेजारच्या घरी खलबत्त्यात वेलदोडे कुटत होते. माझ्या चुलीवर बेकनचे तुकडे चुरचुरत होते आणि त्यांनी सोडलेल्या चरबीत जुलियाँ कांदा परतत होता. बटाटे मी सोलत होतो. सालीसकट उकडलेले, बोटं भाजत होती. तो एकेक चकती अशी मांडत होता की वाटावं फळ्या बसवतोय. लोण्याचा हात फिरवलेलं जाड बुडाचं पातेलं, त्यात बटाट्याचा थर, कांदा, मांस, पुन्हा बटाटा. मिरपूड चिमूटभर. बाकी काही नाही. मी त्या पातेल्यात बघत होतो आणि मला सहन होत नव्हतं. इतकं पांढरं अन्न आमच्या घरात फक्त तान्ह्या मुलाला घालतात. माझ्या उजव्या हाताला चटणीचा डबा होता, तो माझ्या उजव्या हाताला कायमच असतो. मी चमचा भरला. खरं सांगतो, हात आपला आपण गेला. साय ओतायच्या आधी थोडं तिखट भुरभुरावं, कडेला लाल तवंग दिसावा, आपल्या पोरीला आपल्या घरची चव लागावी, एवढंच.

जुलियाँनं माझं मनगट धरलं.

"नो, पापा. अमूला नाही." मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "तिखट अजिबात नाही. इतकी वर्षं." आणि माझ्याकडं बघून सहज म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे ना."

तो प्रश्न नव्हताच. त्या शिकवलेल्या चार वाक्यांपलीकडं त्याला मराठी येत नव्हतं. ती फोनवर आईला पिठल्याच्या आणि चटणीच्या गोष्टी सांगत असताना तो शेजारी बसलेला असायचा आणि त्याला वाटायचं, ती तब्येतीचं बोलतेय. डॉक्टरनं काय सांगितलं, काय खायचं, काय खायचं नाही. त्याच्या लेखी आम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तो आम्हाला धीराची माणसं समजत होता.

मागच्या दारात मालन उभी होती. इंग्रजी फारसं कळत नसलं तरी पोटावरचा हात तिला दिसला होता. मी चमचा परत डब्यात टाकला आणि म्हणालो, "येस. वुई नो." पोरीची लबाडी बापानं एवढी तरी सांभाळावी. आजही जुलियाँला वाटतं की आम्हाला माहीत होतं.

माझ्या त्या उत्तरानंच त्याला धीर आला असावा. तो उठून आत गेला आणि त्याच्या पिशवीतून एक जड पुडकं घेऊन आला. आल्या दिवसापासून द्यायचं होतं, जमत नव्हतं म्हणाला. मालनसमोर उभा राहून त्यानं ते सोडलं. आत चटणीची पाकिटं होती. सगळी. दुहेरी प्लास्टिक, चिकटपट्टी, वर मालनच्या जाड अक्षरांत वर्ष. एकही फोडलेलं नव्हतं. वरचं अजून लाल होतं, त्याखालचं विटकरी, आणि सगळ्यात तळातलं मातीच्या रंगाचं झालेलं. "मी एकदा टाकून देतो म्हणालो," जुलियाँ सांगत होता, "तर ती चिडली. म्हणाली, आईनं केलंय. आई, हे तुमचं परत." 'आई' हा शब्द त्यानं मराठीत म्हटला.

मालननं पदर पुढं केला आणि ती पाकिटं त्यात घेतली. तळातलं पाकीट वर काढून त्यावरचं वर्ष बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिली.

मग पुढचं सगळं ठरलं तसं झालं. झाकणावर निखारे ठेवले. साय आटली, चौकोनी चीज वितळून वर सोनेरी पापुद्रा आला, कडा खरपूस झाल्या. जुलियाँनं वास घेतला आणि "बास, झालं" म्हणाला. गच्चीवर पान ठेवलं. हल्ली पेठेत कावळे उरलेत किती, लोक तासन्तास हाका मारत बसतात. आमच्याकडं मात्र आम्ही चार पावलं मागं सरकायच्या आत कावळा आला आणि बेकनचा तुकडा उचलून समोरच्या टाकीवर गेला. "बगा, लगी शिवला," वहिनी म्हणाल्या, "तृप्त झाली पोर." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पण मला ते पटलं नाही. कावळ्याला मांस मिळालं, त्यानं खाल्लं. तृप्त झालेलं माणूस मागं इतकी न फोडलेली पाकिटं ठेवून जात नाही.

पंगतीत कुणी डुकराला हात लावणार नव्हतं, त्यांच्यासाठी मटण होतंच. मी मात्र ते बटाटे वाढून घेतले. चांगले होते. ते मला सगळ्यात जास्त लागलं. मऊ, खारट, कडेला धुरकट, पोटाला जराही न बोचणारे. दुखणाऱ्या पोटाला असंच काही लागतं हे मला एका घासात कळलं, आणि मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

तेव्हापासून मी हिशेब जुळवत बसतो आणि तो जुळत नाही. ती का आली नाही हे कळलं. आली असती तर पहिल्याच जेवणाला उघडं पडलं असतं. तिच्यासमोर मी रश्श्याची वाटी ठेवली असती आणि तिनं ती बाजूला सारली असती, की प्यायली असती? बहुतेक प्यायली असती. म्हणून आली नाही. आईच्या एका चटणीपायी पोरीनं घर सोडलं असं मी म्हणतो तेव्हा मालन माझ्यावर ओरडते. पण रात्रंदिवस तेच वाटतं. आम्ही फोनवर विचारायचो तरी काय? चटणी पोचली का, चटणी संपली का. प्रेम करायची आमच्याकडं तेवढी एकच रीत होती आणि ती नेमकी तिच्या पोटाला सोसणारी नव्हती.

मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावतो. सांगितलं असतंस तर मी मसाल्याचा डबा नदीत टाकून आलो असतो. म्हातारपणी मऊ भात आणि दूध खाल्लं असतं तुझ्याबरोबर. आम्ही काय दूध मोजायला आलेले मालक होतो, की आमच्यापुढं राखून ठेवावं? ती गंगावेशीतली गोष्ट मला आता गंमत वाटत नाही. सगळ्यात दाट जे होतं, तिचं भय, तिचं दुखणं, तिचं रात्रीचं जागणं, ते तिनं आमच्यासमोर काढलंच नाही. आम्ही फोन ठेवल्यावर काढलं असेल, त्या सुतारापाशी. त्याला मिळालं याचा आनंद मानावा एवढा मोठा मी नाही.

लोक म्हणतात, हळूहळू बरं वाटेल. मला वाटलेलं नाही. मालनलाही नाही. तिनं त्या वर्षापासून चटणी केली नाही. उन्हाळा येतो, गल्लीत मिरच्या वाळतात, डंकावरून ठसका येतो आणि ती खिडक्या लावून घेते. घरात वापरायला डबाभर दुकानातून आणतो, आणि ती ब्र काढत नाही. दुकानची चटणी हातात धरणाऱ्या बाईला एके काळी तिनं गल्लीभर बदनाम केलं असतं. ती पाकिटं कपाटात, तिच्या लग्नातल्या शालूखाली आहेत. वहिनी म्हणाल्या, पाण्यात सोडा. सोडवत नाहीत. फोडवतही नाहीत.

जुलियाँचे फोन विरळ झालेत. गेल्या पावसाळ्यात त्यानं अडखळत सांगितलं की त्याच्यासोबत आता कुणी आहे. मी बरं झालं म्हणालो. मालननंही फोन हातात घेऊन "सुकी ऱ्हावा" म्हटलं. मग त्या रात्री तिनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. त्याचं काही चुकलं नाही. पण आमच्या अमूला कुठल्या घासानं बरं वाटायचं, हे सांगणारं जगात एकच माणूस होतं आणि तेही हळूहळू दुसऱ्या घासांकडं जाणार. म्हणून मी बटाटे करतो. विसरायला नको म्हणून. दुसरं कारण नाही.

यंदाही केले. परवाच अवस झाली. पाऊस नव्हता, ऊन मात्र तेच, पाठ भाजणारं. मागच्या अंगणात चूल पेटवली, चकत्या मांडल्या. जुलियाँसारख्या फळ्या बसत नाहीत माझ्या, वेड्यावाकड्याच होतात. निखारे ठेवून बसलो. वहिनींचे गुडघे गेलेत, त्या आल्या नाहीत. शेजारपाजारचं कुणी बोलावलं नाही. दोघंच होतो.

मालननं केळीचं पान पुसलं. गच्चीच्या कठड्याशी ठेवलं. मी वरचा खरपूस पापुद्रा न मोडता मधला भाग काढून वाढला. ती शेजारी भाताची मूद ठेवत होती, दही ठेवत होती, मीठ ठेवत होती, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं पानं वाढलेला तिचा हात ओळीनं पुढं गेला, ताटातल्या वाटीत बुडाला आणि चिमूटभर चटणी घेऊन पानाच्या डाव्या कडेवर आला. तिथं थांबला. तिनं ती चिमूट परत वाटीत सोडली, बोटं पदराला पुसली, आणि समोर कुणी जेवायला बसलंय आणि आपल्या हातून आत्ता मोठी चूक होणार होती, अशी दचकून मला म्हणाली, "वाटी घेऊन जावा खाली. तिला तिकाट सोसत न्हाय."